पामोहीच्या शाळेची प्लॅस्टिकची फी

गुवाहाटी शहराच्या कडेला पामोही नावाचे गाव आहे. आसपास टेकड्या, टेकड्यांत दगडखाणी आणि त्या खाणींवर मजुरी करणारी कुटुंबे. जून २०१६ मध्ये या गावात ‘अक्षर’ नावाची शाळा सुरू झाली. बांबूचे छप्पर आणि त्याखाली बसणारी वीसेक मुले, एवढीच सुरुवात. शाळा काढली दोघांनी. परमिता सर्मा मूळच्या आसामच्या, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्य शिकलेल्या. माझिन मुख्तार २०१३ मध्ये शिक्षणाच्या एका कामासाठी अमेरिकेहून भारतात आलेले. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता मुलांना शाळेत आणायचे कसे, कारण खाणीवर दिवसभर राबले की पोराच्याही हाती दीडशे-दोनशे रुपये पडत. त्या पैशांपुढे पाटी-पुस्तकाचे मोल घरच्यांना पटवणे सोपे नव्हते.

कचऱ्याचा विषय अभ्यासक्रमात कुणी आखून ठेवला नव्हता. तो धुरातून वर्गात शिरला. थंडीच्या दिवसांत आजूबाजूची घरे उबेसाठी जे मिळेल ते जाळत, आणि फुकट मिळणाऱ्या जळणात सगळ्यांत मुबलक होते प्लॅस्टिक. पिशव्या, वेफर्सच्या पुड्या, बाटल्या. त्या धुराने वर्ग भरून जाई. मुलांना खोकला यायचा, डोके दुखायचे. प्लॅस्टिक जाळल्याने आपल्याच लेकरांच्या छातीत विष जाते आहे, हे आईबापांना ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी रात्रीची थंडी काही थांबली नसती.

शाळेने आधी सरळ विनंती केली. घरातले प्लॅस्टिक जाळू नका, मुलांबरोबर शाळेत पाठवा. फारसे काही आले नाही. मग शाळेने भूमिका बदलली. शाळा विनामूल्य आहे, ती तशीच हवी असेल तर दर आठवड्याला घरातले प्लॅस्टिक आणून द्यायचे. तेच फी समजले जाईल. नाही तर पैशांत फी घ्यावी लागेल. त्याबरोबर पालकांनी लिहून द्यायचे की आम्ही घरी प्लॅस्टिक जाळणार नाही. पालकांनी ते मान्य केले. आठवड्याला पंचवीस नग, असा पुढे नेम ठरला. वीस मुलांची शाळा काही वर्षांत शंभराच्या वर गेली आणि ‘प्लॅस्टिकची फी घेणारी शाळा’ म्हणून जगभर तिची चर्चा झाली.

चर्चा बहुतेक कौतुकाचीच झाली, आणि ते कौतुक योग्य आहे. पण आपल्याकडच्या बालवाडी-अंगणवाडीच्या ताईंनी या प्रकरणाकडे कौतुकापलीकडे जाऊन पाहावे असे मला फार वाटते. लहान मुलांना पुनर्वापर शिकवण्याचे जे प्रकार आपण वर्षानुवर्षे करत आलो, त्यांच्यात काय उणे आहे ते पामोहीत स्पष्ट दिसते. आणि पामोहीत जे घडले त्यातले सगळेच उचलण्यासारखे नाही, तेही नीट पाहिले की कळते.

पिशवी शाळेत पोचल्यावर

अक्षरमध्ये चार वर्षांच्या मुलापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे आहेत. वर्ग वयावर ठरत नाहीत, ज्याला जितके येते त्यावर ठरतात. मोठी मुले लहानांना शिकवतात आणि त्याचा मोबदला त्यांना खेळातल्या नोटांमध्ये मिळतो. त्या नोटांवर खाऊ, कपडे, चपला, खेळणी घेता येतात. खाणीवरची मजुरी सोडून आलेल्या मुलाला आपण कमावते आहोत ही भावना टिकवून ठेवता यावी, म्हणून ही योजना. खाणीच्या रोजंदारीला शाळेने व्यवहारातले उत्तर शोधले, नुसता उपदेश केला नाही. मला या शाळेतली ही गोष्ट प्लॅस्टिकच्या फीपेक्षाही मोठी वाटते.

आलेले प्लॅस्टिक मुले निवडतात. मऊ पुड्या आणि पिशव्या रिकाम्या बाटल्यांमध्ये ठासून भरतात. अशा भरलेल्या, विटेसारख्या वापरायच्या बाटलीला ‘इकोब्रिक’ म्हणतात. ग्वाटेमालात अशा बाटल्या भिंतीत घालून शाळांच्या खोल्या बांधल्या गेल्या, फिलिपिन्समध्येही हे काम बरेच झाले. पामोहीत या विटा आवारातल्या छोट्या बांधकामांना वापरल्या गेल्या.

ही बाटली भरणे हे दिसायला किरकोळ, पण लहान मुलाच्या दृष्टीने फार चांगले काम आहे. बाटली हातात मावते. काठीने पुडी आत दाबायला जोर लागतो, तो मुलाला आवडतो. किती भरले ते बाहेरून दिसते. आणि मुख्य म्हणजे ती लवकर भरत नाही. विटेसाठी बाटली घट्ट भरावी लागते. दर मिलिलिटरला किमान ०.३३ ग्रॅम, म्हणजे एक लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. आता वेफर्सची किंवा बिस्किटाची पुडी दोन-तीन ग्रॅमची धरली, तर पंचवीस नगांचे वजन पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम भरते. म्हणजे एका मुलाची एक बाटली भरायला साधारण साडेचार ते साडेसहा आठवडे लागणार. महिनाभर आणूनही बाटलीत जागा उरते, हे पाहणाऱ्या मुलाला पुडी किती हलकी असते ते हाताने कळते. आणि आपल्या एका घरातून एवढ्या पुड्या निघतात हेही कळते. आकडा त्याला सांगावा लागत नाही.

मोजण्याचेही तसेच. चार-पाच वर्षांच्या मुलाला पंचवीसपर्यंत मोजणे जेमतेम जमते. पण स्वतःच्या पिशवीतले नग ओळीने मांडून मोजायचे असतील तर ते मूल चुकत-माकत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत पंचवीसपर्यंत जाते. मग निवडायचे. चुरचुर वाजणारे इकडे, न वाजणारे तिकडे. ताणले की लांबणारे एकीकडे, तुटणारे दुसरीकडे. या वयाचे मूल एका वेळी एकच गुण धरून गट करू शकते, त्यामुळे ‘पुनर्वापरयोग्य आणि अयोग्य’ असे दोन डबे त्याच्यापुढे ठेवले तर त्याला काहीच बोध होत नाही. ‘वाजणारे’ आणि ‘न वाजणारे’ मात्र त्याला लगेच कळते, आणि गंमत म्हणजे भंगारवाला घेतो ते आणि घेत नाही ते यांच्यातली रेषाही बरीचशी तिथूनच जाते. चुरचुरणारी चकचकीत पुडी म्हणजे दोन-तीन पापुद्रे चिकटवून त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला प्लॅस्टिकचा कागद. ते पापुद्रे वेगळे करणे परवडत नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही. दुधाची पिशवी, तेलाची बरणी, पाण्याची बाटली यांना गिऱ्हाईक आहे.

हे तिथे रुजले कसे

माझे म्हणणे असे आहे की पामोहीत मुलांना पुनर्वापर कळला तो विटांमुळे नाही. तो धुरामुळे कळला, आणि आईबापांच्या त्या लेखी शब्दामुळे. विटा नंतरच्या.

धूर त्या मुलांच्या नाकातोंडात रोज जात होता. कुणीतरी ‘पृथ्वी वाचवा’ असे सांगितले तर पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे काहीही उभे राहत नाही. पृथ्वी फार मोठी आहे आणि ती वाचवायची म्हणजे काय करायचे ते त्याला माहीत नाही. पण काल रात्री आपल्या घरात जो काळा धूर झाला, डोळे चुरचुरले, धाकटी बहीण रात्रभर खोकली, तो धूर या पुडीचा होता, हे त्याला पक्के कळते. लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात आणि वजनाच्या मानाने जास्त हवा आत ओढतात. त्यामुळे त्या धुराचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. चुलीच्या किंवा शेकोटीच्या मंद आचेत प्लॅस्टिक पूर्ण जळत नाही. काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्यात पीव्हीसीचा तुकडा असेल तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये. ही नावे मुलांना सांगायची गरज नाही, पण ताईंना ती ठाऊक असायला हवीत. एखादी आजी ‘आम्ही जन्मभर जाळले, काय झालं?’ असे विचारते तेव्हा उत्तर तयार हवे.

दुसरे कारण म्हणजे घर. शाळेत कचरा निवडणारे मूल घरी जाऊन पाहते की आई तेच प्लॅस्टिक चुलीत सारते आहे. अशा वेळी ते आईचे मानते, ताईचे नाही, आणि ते बरोबरच आहे. चार वर्षांच्या मुलाने आईवर देखरेख करावी अशी अपेक्षा कुणी करू नये. ‘तुम्ही घरी सगळ्यांना सांगा हं’ असे म्हणून मुलांच्या खांद्यावर घर सुधारण्याचे ओझे टाकणे मला अजिबात मान्य नाही. अक्षरने ते ओझे मोठ्यांवर ठेवले. शब्द पालकांनी दिला, मुलांनी फक्त पिशवी आणली. मुलाला घरात आणि शाळेत एकच वागणे दिसले आणि त्या वयात शिकणे असेच होते.

तिसरे कारण भूगोलाचे. पामोहीच्या जवळच दीपोर बील हे मोठे सरोवर आहे. २००२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आणि याच भागात, सरोवराला लागून, बोरागाव इथे अनेक वर्षे साऱ्या गुवाहाटीचा कचरा पडत होता. त्या ढिगावर माणसाच्या छातीइतके उंच हरगिला पक्षी कचऱ्यातले खाणे टिपत शेकड्यांनी उभे असत. कचरा ‘टाकला’ म्हणजे कुठे जातो, हे त्या भागातल्या मुलांना नकाशावर दाखवावे लागत नव्हते. आपल्या शहरातल्या मुलाच्या बाबतीत नेमके उलटे आहे. सकाळी घंटागाडी येते, डबा रिकामा होतो, विषय संपतो. त्याच्या लेखी कचरा नाहीसा होतो.

ज्या प्रश्नांवर अडखळायला होते

पहिला प्रश्न सरळ आहे. प्लॅस्टिक आणले की फी भरली, असे म्हटले तर प्लॅस्टिक ही कमाईची वस्तू होते. पंचवीस नग भरत नसतील तर आई काय करेल? शेजारून मागेल, रस्त्यावरून उचलेल, ते चांगलेच. पण एखादीला वाटेल, पाच रुपयांच्या दोन पुड्या आणल्या की खाऊही झाला आणि नगही झाले. पामोहीसारख्या ठिकाणी, जिथे पैसा हाती नाही आणि उघड्यावर प्लॅस्टिक भरपूर आहे, तिथे हा धोका लहान आहे. पुण्या-ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरात तो मोठा आहे. तिथे फी हा मार्ग चालणारच नाही. ज्या वस्तूचा वापर कमी व्हायला हवा तिचीच भरती मुलाकडून दर आठवड्याला मागणे, हा विरोध त्या योजनेच्या पोटातच आहे.

दुसरा प्रश्न इकोब्रिकचा. याला पुनर्चक्रीकरण म्हणता येत नाही. प्लॅस्टिक त्यात नुसते कोंडून ठेवलेले असते. भिंत पडली की ते पुन्हा बाहेर. बाटली उन्हात उघडी राहिली तर काही वर्षांत ठिसूळ होते आणि तिचे कण मातीत जातात, म्हणून तिच्यावर माती किंवा सिमेंटचे लिंपण हवे. शिवाय ज्या पुड्यांना गिऱ्हाईक नाही त्या कोंडायला आपण गिऱ्हाईक असलेली चांगली बाटली खर्ची घालतो. त्या बाटलीचे भंगारात पैसे आले असते, तिचा धागा निघाला असता. म्हणून शाळेने विटा करायच्याच असतील तर चेपलेल्या, मळलेल्या, भंगारात न जाणाऱ्या बाटल्या घ्याव्यात, आणि मुलांना खरे तेच सांगावे: ‘याचं दुसरं काही होत नाही, म्हणून आपण हे बांधून ठेवतोय.’ मूल हे ऐकून निराश होत नाही. उलट विचारते, मग असली पुडी बनवतातच कशाला? त्या प्रश्नापर्यंत मूल पोचले तर ती वीट सार्थकी लागली.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो, आणि त्याचा पुण्याशी जुना संबंध आहे. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या पुण्यात कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग घेत होत्या. मुले वर्गात यायची ती उकिरड्यावरून. शिकवायला गेलेल्या या बायका मग मुलांच्या आयांबरोबर कचरा वेचायला फिरल्या, आणि त्यांच्या ध्यानात आले की घराघरांतून ओला-सुका वेगळा करून हातात मिळाला तर वेचण्याचे तास कमी होतात, कमाई वाढते आणि पोराला बरोबर न्यावे लागत नाही. या कामातून पुढे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. याच संघटनेतून नंतर ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली, जी २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते.

हा इतिहास मनात ठेवून पाहिले की कचरा उचलणारे चार वर्षांचे मूल हे चित्र इतके सहज गोड वाटत नाही. कुणाच्या मुलाने कचरा उचलला की तो ‘उपक्रम’ होतो आणि कुणाच्या मुलाने उचलला की ती मजुरी? पामोहीच्या शाळेत या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते, कारण तिथे मुले स्वतःच्या घरातले प्लॅस्टिक आणतात आणि शाळेने त्यांना खाणीतून बाहेर काढले आहे. पण हा उपक्रम दुसऱ्या गावात नेणाऱ्याने दोन मर्यादा आधीच आखाव्यात. मुलाने रस्त्यावरचे काही उचलायचे नाही, आणि घरातले जे आणायचे ते धुऊन, वाळवून. भांडी विसळलेले शेवटचे पाणी त्याला पुरते. आपल्याकडच्या अनेक वर्गांत वेचकांची मुलेही बसतात. त्यांच्या आईचे काम ज्या शब्दांत वर्गात बोलले जाईल ते शब्द ती मुले कायमचे जपून ठेवतील. ‘कचरेवाली’ हा शब्द वर्गात येऊ नये. ताई आल्या, मावशी आल्या, असेच म्हणावे.

आणि फीचा कायदेशीर भाग. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९च्या कायद्याने दिला आहे, अंगणवाडीही मोफतच असते. प्लॅस्टिक आणले नाही म्हणून कुणाला बाहेर बसवणे, खाऊ न देणे, नावे फळ्यावर लिहिणे यातले काहीही आपल्या शाळांत चालणार नाही. अक्षर खासगी प्रयत्नातून उभी राहिली, पालकांशी तिचे बोलणे झालेले होते. सरकारी किंवा अनुदानित शाळेने ‘फी’ हा शब्दच वापरू नये. पालकांनी दिलेला शब्द मात्र कुठेही घेता येतो.

आपल्या अंगणात

आपल्याकडे पुनर्वापर शिकवायचा म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही स्पर्धा. तिचे काय होते ते कुठल्याही पालकाला विचारा. आदल्या दिवशी सूचना येते. घरात टाकाऊ काही नसते, म्हणून नव्या कागदी बशा आणल्या जातात. भरलेली शीतपेयाची बाटली घेऊन ती पिऊन रिकामी केली जाते. वर चमकी, थर्माकोल, गोंद, रंगाची बाटली. रात्री अकरापर्यंत आई फुलदाणी करते आणि सकाळी मूल ती मिरवत नेते. आठवड्याभरात ती फुलदाणी कचऱ्यात जाते, आणि आता तिला भंगारवालाही हात लावत नाही, कारण प्लॅस्टिकवर गोंद, गोंदावर चमकी असा तिचा पक्का मिसळा झालेला असतो. मुलाने यातून काय शिकावे? टाकाऊ वस्तू बाजारातून आणायची असते, एवढेच. ही स्पर्धा बंद व्हायला हवी, असे मी प्रत्येक शाळेला हात जोडून सांगेन.

आणि याच घरांत खरा पुनर्वापर रोज चाललेला असतो. आजीच्या दोन सुती साड्यांची गोधडी होते, ती विरली की तिचे पायपुसणे. बोहारीण दारात येते, जुन्या कपड्यांवर भांड्याची घासाघीस चालते. श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, जॅमच्या बाटलीत लोणचे. जुन्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. मूल हे सगळे बघत वाढते, पण शाळेत त्याला कधी मान मिळत नाही. एक गोधडी वर्गात आणून अंथरावी. हे फूल कुणाच्या साडीचे, हा काठ कधीचा, असे आजीनेच येऊन सांगावे. तीन वर्षांचे मूलही त्या गोधडीवर हात फिरवत तासभर ऐकेल.

बालवाडीची आपली परंपराही याच वाटेची आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी पाड्यांत त्यांनी बालवाडी नेली, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या यांतून साधने उभी केली. मोजायला चिंचोके होते, लावायला शिंपले होते. काम झाले की वस्तू जिथून आली तिथे परत. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्दही त्यांच्याच कामातून आलेला. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून सुरुवात करून कचऱ्यातून खेळणी करण्याचा केवढा तरी संसार मांडला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे ते काम केले. त्यांच्या खेळण्यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ती खेळून मोडण्यासाठी असतात. कपाटात ठेवून बक्षीस मिळवण्यासाठी नसतात.

पण पामोहीतून आपण जे घ्यायचे ते याहून थेट आहे. धूर आपल्याकडेही आहे. गावाकडे रॉकेल मिळेनासे झाल्यापासून चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी सर्रास वापरली जाते. एक पिशवी काडीने पेटवून लाकडांखाली सरकवली की चूल लगेच धरते. पाणी तापवायच्या बंबात तर काय जात नाही! पुठ्ठे, पुड्या, तुटक्या चपला. आणि थंडीत गल्लीच्या तोंडाशी पेटणारी शेकोटी. तिच्याभोवती सगळ्यांत जवळ बसलेली असतात ती लहान पोरे. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने राज्यात पिशव्यांवर बंदी आली, पण वेफर्स-बिस्किटांच्या पुड्या राहिल्याच आणि बंबाचे तोंडही उघडेच राहिले.

म्हणून अंगणवाडीत हा विषय घ्यायचा असेल तर पहिली बैठक मुलांची नको, आयांची घ्यावी. विटा, बाटल्या यांचे नावही काढू नये. चूल कशाने पेटवता, एवढेच विचारावे, आणि उत्तर ऐकून घ्यावे. ओरडू नये, कारण त्या बाईकडे सकाळी सहा वाजता दुसरे काही नसते. दुसरे काय देता येईल याचाही विचार ताईंनी आधी करून जावा. नारळाच्या शेंड्या, सुकी चिपाडे, तुरीच्या काड्या, गोवऱ्यांचा चुरा, जे त्या गावात मिळते ते. हा पर्याय हातात असल्याशिवाय ‘जाळू नका’ म्हणणे पोकळ आहे. पामोहीतही पहिली विनंती वाया गेली होती, ती विसरू नये. मग शब्द घ्यावा: एक पावसाळा ते एक उन्हाळा, चुलीत प्लॅस्टिक नाही. निरक्षर बाई असेल तर अंगठा घ्यायची गरज नाही, चार बायकांसमोर तोंडाने दिलेला शब्द आपल्या गावांत आजही मोडवत नाही.

मग मुलांचे काम. अंगणवाडीच्या कोपऱ्यात एक पोते टांगायचे. घरातल्या धुतलेल्या पुड्या मुलांनी आठवड्यातून एकदा आणायच्या, किती आणायच्या याला आकडा नको. आणल्या की मोजायच्या, वाजवायच्या, निवडायच्या. गिऱ्हाईक असलेले भंगारवाल्याला किंवा गावातल्या वेचक मावशींना द्यायचे, आणि देताना मुले तिथे हजर हवीत. पिशवी कुणाच्या हातात गेली, त्यांनी ती कुठे ठेवली, पुढे कुठे जाणार, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे. वस्तूचा हा प्रवास मुलाला एकदा दिसला की टाकणे या कृतीमागे एक माणूस उभा राहतो.

वाजणाऱ्या पुड्या पोत्यात साठत जातील. त्यांचे काय करायचे हा प्रश्न ताईंनी लगेच सोडवू नये. पोते फुगताना मुलांना दिसू द्यावे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पोषण आहाराच्या तराजूवर किंवा मुलांचे वजन करायच्या काट्यावर त्या महिन्याच्या पुड्या तोलायच्या आणि भिंतीवर तेवढ्या उंचीची कोळशाची रेघ ओढायची. विटांच्या शाळेत भरलेल्या बाटल्या मोजल्या जातात, त्या जितक्या जास्त तितके यश. इथे मोजायचे उलटे. जूनची रेघ उंच आहे, दिवाळीच्या महिन्यात ती आणखी चढेल. त्यानंतर रेघ खाली यायला लागली आणि बंबातूनही वास येत नाही असे आया सांगायला लागल्या, तर समजावे की पुड्या घरातच कमी येत आहेत. रेघ खाली आली आणि वास मात्र तसाच आहे, तर पुड्या पोत्याऐवजी पुन्हा चुलीत जात आहेत, आणि आयांची बैठक पुन्हा बोलवायला हवी.